डिझेल मोटारीचे मंद तापणे : सोलापूरच्या हिवाळ्यातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

सोलापूर आणि थंडी हे दोन शब्द एका वाक्यात क्वचितच येतात. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारे हे शहर उन्हासाठी प्रसिद्ध आहे, आणि येथील वाहनधारकाची इंजिनाविषयीची चिंताही 'ते गरम होऊ नये' एवढ्यापुरतीच असते. इंजिन थंड राहण्यानेही नुकसान होते, ही गोष्ट त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. तथापि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १५ अंशांच्या आसपास आणि एखाद्या आठवड्यात त्याहून बराच खाली उतरतो, तेव्हा वसाहतींतून एक परिचित दृश्य दिसू लागते. फाटकाशी डिझेल मोटार उभी आहे, इंजिन चालू आहे, आत कोणीही नाही. मालक घरात चहा घेत आहेत आणि गाडी 'तापत' आहे. दहा-पंधरा मिनिटांनी ते येऊन पाहतात, तर तापमापकाचा काटा जागचा फारसा हललेला नसतो. शेजारची पेट्रोल मोटार मात्र तेवढ्या वेळात बरीच तापलेली असते. यावरून डिझेल इंजिनात काही बिघाड असल्याचा समज होतो आणि गाडी कारागिराकडे जाते.

हा समज बहुधा चुकीचा असतो. डिझेल इंजिन सावकाश तापते ते त्यात दोष आहे म्हणून नव्हे, तर ते इंधन कमी वाया घालविते म्हणून. मात्र हे एकदा मान्य केले की उभ्या जागी गाडी तापविण्याची प्रथा, थर्मोस्टॅट काढून टाकण्याची स्थानिक सवय आणि शहरातल्या शहरात वापरण्यासाठी डिझेल मोटार घेण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टींचा फेरविचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी अभियांत्रिकीखेरीज इतर विद्याशाखांच्या वाचकांनाही अनुसरता येईल अशा रीतीने केली आहे.

ठिणगीविना ज्वलन

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. इंजिन थंडीत सुरू होण्यास त्रास देणे हा एक प्रश्न आणि सुरू झाल्यावर ते हळू तापणे हा दुसरा. सामान्य बोलण्यात दोहोंची सरमिसळ होते; त्यांची कारणे मात्र निरनिराळी आहेत.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ज्या तत्त्वावर १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी रीत्या चालवून दाखविले, त्यात ठिणगीला स्थान नाही. सिलिंडरात केवळ हवा घेतली जाते, दट्ट्या ती प्रचंड दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात हवेचे आकारमान साधारणतः ८ ते १२ पटींनी कमी केले जाते, तर डिझेल इंजिनात ते १५ ते २२ पटींनी कमी होते. या प्रमाणाला संपीडन गुणोत्तर म्हणतात.

बाहेरची हवा थंड असेल तर दाबलेली हवाही त्या प्रमाणात कमी तापते. संपीडन गुणोत्तर १८ आणि संपीडनाचा घातांक १.३५ धरून गणित केल्यास, बाहेर ४० अंश असताना दाबलेल्या हवेचे तापमान सुमारे ५९० अंश येते, १५ अंशांना ते सुमारे ५२० अंश आणि उणे १५ अंशांना सुमारे ४३५ अंश. प्रत्यक्षात सिलिंडराच्या थंड भिंती आणि दट्ट्याच्या कड्यांतून होणारी गळती यांमुळे हे आकडे आणखी खाली येतात. डिझेलचा फवारा क्षणार्धात पेटण्यासाठी लागणारी उष्णता उणे १५ अंशांना अपुरी पडू लागते. १५ अंशांना मात्र ती सहसा पुरेशी असते. सोलापूरच्या हिवाळ्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न मुळातच सौम्य आहे.

जुन्या गाड्यांत तो तितका सौम्य नव्हता. १९८०च्या सुमारास भारतीय रस्त्यांवर आलेली अॅम्बॅसॅडरची डिझेल आवृत्ती आणि १९९८ च्या अखेरीस टाटा मोटर्सने, तेव्हाच्या टेल्कोने, पुण्यातून आणलेली इंडिका या दोन्ही गाड्यांत डिझेल थेट सिलिंडरात न सोडता शेजारच्या छोट्या कोठडीत फवारले जात असे. त्या कोठडीच्या भिंती उष्णता शोषून घेत, म्हणून प्रत्येक सिलिंडरास एक हीटर प्लग लागे. किल्ली अर्धी फिरवावी, फलकावरील वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मग सेल्फ मारावा, ही शिस्त त्या पिढीच्या चालकांच्या अंगवळणी पडली होती. पुढे कॉमन रेल तंत्र आले. त्यात एका सामाईक नळीत इंधन हजाराहून अधिक बार दाबाने तयार ठेवले जाते आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने थेट सिलिंडरात सोडले जाते. फवारा इतका बारीक होतो की तो पेटणे सोपे जाते. भारतात २००२ च्या सुमारास ह्युंदाई अॅक्सेंटपासून हे तंत्र मोटारींत रुळू लागले. ह्या गाड्यांना सोलापुरात हीटर प्लगची गरज वर्षातून थोडेच दिवस भासते.

मग जानेवारीत गाडी सुरू का होत नाही? बहुतेक वेळा उत्तर बॅटरीत असते. डिझेल इंजिन फिरविण्यास अधिक ताकद लागते, आणि शिशाच्या बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उन्हाने अधिक घटते. एप्रिल-मेमध्ये खंगलेली बॅटरी पावसाळाभर कसेबसे काम करते आणि पहिल्या गारठ्यात उघडी पडते. दोष थंडीच्या माथी जातो, करणी मात्र उन्हाळ्याची असते.

इंधन गोठण्याची भीतीही येथे निराधार आहे. डिझेलमध्ये मेणासारखी द्रव्ये असतात व थंडीत त्यांचे स्फटिक गाळणीत अडकतात. भारतीय मानक आयएस १४६० नुसार ज्या तापमानाला डिझेल गाळणीतून जाईनासे होते, ते हिवाळ्यात ६ अंशांहून आणि उन्हाळ्यात १८ अंशांहून अधिक असता कामा नये. सोलापुरात हिवाळी मर्यादा ओलांडली जाण्याचा प्रसंग विरळाच. लडाखची गोष्ट वेगळी. तेथे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध केले. तत्पूर्वी तेथील चालकांना डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभवावी लागे.

उष्णता जाते कोठे

आता मुख्य प्रश्न. सुरू झालेले डिझेल इंजिन हळू का तापते?

इंजिन तापते ते वाया गेलेल्या उष्णतेवर. इंधनातील जी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही तीच धातूत, शीतक द्रवात आणि निष्कास वायूत शिरते. डिझेल इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता पेट्रोल इंजिनापेक्षा अधिक असल्यामुळे त्याच्याजवळ वाया घालविण्यास उष्णताच कमी असते. काटकसरी गृहिणीच्या घरी शिळे उरत नाही, तसाच हा प्रकार.

गाडी उभी असताना हा फरक आणखी ठळक होतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. गती कमी करायची म्हणजे ती झडप मिटायची. त्यामुळे दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते व त्या ओढाताणीत इंधन खर्ची पडते. डिझेल इंजिन हवा रोखून चालविले जात नाही. ते दर फेरीला छातीभर हवा घेते आणि गती केवळ इंधनाच्या मात्रेने ठरविते. उभ्या गाडीत ही मात्रा इतकी अल्प असते की इंधनाच्या वजनाच्या साठ-सत्तर पटींहूनही अधिक हवा सिलिंडरातून जाते. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण १४ ते १५ पटींच्या जवळ असते. म्हणजे एकीकडे जळणारे इंधन थोडे, आणि दुसरीकडे त्यातून निघालेली उष्णता मोठ्या प्रमाणावर आलेल्या थंड हवेत वाटली जाऊन धुरांड्यावाटे बाहेर जाणार.

तिसरे कारण वजनाचे. डिझेल इंजिनातील ज्वलनाचा दाब सोसण्यासाठी सिलिंडरांचा ठोकळा भक्कम लागतो आणि तो बहुधा बिडाचा असतो. हे बीड म्हणजे काय याची कल्पना सोलापूरकरांना वेगळी द्यावयास नको. पूर्वीचे शिवाजी वर्क्स व आता किर्लोस्कर फेरस यांच्या येथील ओतशाळेत सिलिंडर ब्लॉक आणि हेड यांचे ओतकाम होत आले आहे. जड ठोकळा तापण्यास वेळ घेतो, जशी घरातली बिडाची कढई पातळ अॅल्युमिनियमच्या भांड्यापेक्षा उशिरा तापते.

थोडे ढोबळ गणित मांडून पाहता येईल. लहान डिझेल मोटार उभ्या जागी ताशी अर्धा लिटर डिझेल घेते असे धरू. एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे दर मिनिटाला ३०० किलोज्यूल. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे १०० किलोज्यूल, इंजिनाच्या धातूत व शीतक द्रवात उतरते असे मानू. आता १२० किलो धातू, ६ किलो शीतक द्रव आणि ४ किलो वंगण तेल यांचे तापमान एका अंशाने वाढविण्यास मिळून सुमारे ९० किलोज्यूल लागतात. म्हणजे उभ्या गाडीत इंजिन एक अंश तापण्यास जवळजवळ एक मिनिट लागते. दहा मिनिटांच्या चहाच्या वेळेत इंजिन १५ अंशांवरून सुमारे २६ अंशांवर आले, आणि जायचे मात्र आहे ८० अंशांच्या पुढे. या गणितात बाहेरच्या हवेत निघून जाणारी उष्णता धरलेलीच नाही. ती धरली तर चित्र याहून निराशाजनक होते. अतिथंड प्रदेशांत काही डिझेल इंजिने उभ्या जागी कितीही वेळ चालविली तरी कार्यकारी तापमानाला पोचत नाहीत, ते याच कारणाने. त्या देशांत रात्रभर विजेवर ठोकळा ऊबदार ठेवणारे हीटर आणि केबिनसाठी स्वतंत्र विद्युत हीटर बसविण्याची पद्धत आहे.

तीच गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने आणि लिटरला २० किलोमीटर या हिशेबाने चालू लागली की ताशी दोन लिटर डिझेल जळते. या वेळी काही ऊर्जा चाकांकडे जात असल्याने शीतक द्रवाकडे एक चतुर्थांशच गेली असे धरले, तरी ती दर मिनिटाला ३०० किलोज्यूल भरते. तापण्याचा वेग सुमारे तिप्पट होतो, आणि तापण्याबरोबर अंतरही कापले जाते. व्यवहारात फलकावरील काटा या हिशेबापेक्षा लवकर वर येतो, कारण शीतक द्रव आधी तापतो आणि तेल व ठोकळ्याचे दूरचे भाग मागाहून. काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापले असा त्याचा अर्थ नाही.

इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब येईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक मिनिट थांबावे आणि पहिले काही किलोमीटर जोर न देता, इंजिन फार फिरू न देता चालवावे, हा सल्ला वरील गणितातूनच निघतो. एस.टी. बस किंवा मालमोटार यांना मात्र तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि टाकीत तो दाब भरेपर्यंत इंजिन चालू ठेवणे ही सुरक्षिततेची गरज असते. तथापि दाब भरल्यानंतरही अर्धा तास इंजिन घुमत ठेवणे ही गरज नव्हे, सवय असते.

थंड इंजिनाच्या आत

थंड इंजिनाने होणाऱ्या हानीत पहिला वाटा दाट तेलाचा. तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. डब्यावरील '१५डब्ल्यू-४०' या खुणेतील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवितो आणि दुसरा तापलेल्या अवस्थेतील दाटपणा. '१५डब्ल्यू' तेलाची परीक्षा उणे २० अंशांना घेतली जाते; तेव्हा सोलापूरच्या थंडीत ते पुरेसे वाहते. परंतु पुरेसे वाहणे आणि योग्य तेवढे पातळ असणे यांत फरक आहे. थंड तेल ढवळण्यात शक्ती जाते आणि ती इंधनातून वसूल होते.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तेल खाली निथळलेले असते. सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत वरच्या भागातील कॅमशाफ्ट जवळजवळ कोरडाच फिरतो. झडपा उघडणारे त्याचे उंचवटे लहानशा पृष्ठभागावर मोठा दाब सोसतात. हा सुटा भाग सोलापूरच्या उद्योगजीवनाशी निगडित आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही येथील कंपनी देशी-परदेशी मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनविते. बिडाच्या कॅमशाफ्टमध्ये उंचवट्यांपाशी ओतीव रस मुद्दाम झपाट्याने थंड केला जातो, त्यामुळे तेथे काचेसारखा कठीण थर तयार होतो. रोज सकाळच्या त्या कोरड्या क्षणांना तोंड देणे हे या कठीणपणाचे एक प्रयोजन होय.

दुसरा वाटा पाण्याचा, आणि याचा विचार फार थोडे लोक करतात. एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड असेल तर काही भाग सिलिंडराच्या भिंतींवर आणि सायलेन्सरमध्ये निवून बसतो. पूर्वी याचे परिणाम गंभीर होते, कारण डिझेलमध्ये गंधक होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालत असे. गंधकाची ऑक्साइडे आणि निवलेले पाणी मिळून सिलिंडरात सौम्य का होईना, आम्ल तयार होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार गंधक दशलक्षास १० भागांवर आले आणि हा धोका जवळपास संपला. सायलेन्सरचे गंजणे मात्र चालूच आहे.

सकाळचा पांढरा धूर म्हणजे पूर्ण न पेटलेल्या डिझेलचे थेंब आणि त्यात मिसळलेली वाफ. सकाळची खडखडही तशीच. थंड सिलिंडरात इंधन फवारल्यानंतर पेटण्यास थोडा उशीर होतो, तेवढ्यात अधिक इंधन साचते आणि ते एकदम पेटते. काही मिनिटांत आवाज मऊ झाला तर काळजीचे कारण नाही.

विहिरीवरचे इंजिन आणि थर्मोस्टॅट

इंजिन फार थंड असणेही वाईट, हे ज्ञान आपल्या ग्रामीण भागात एके काळी होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत महाराष्ट्राच्या विहिरींवर डिझेल इंजिनांची धडधड सुरू झाली. हँडल मारून, संपीडन सोडणारा खटका उचलून आणि वेग येताच तो पाडून सुरू करावयाचे हे इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपाच्याच पाण्याचा एक फाटा त्यातून फिरविलेला असे. विहिरीचे गार पाणी अखंड आत येत राहिल्याने इंजिन पुरते तापतच नसे, डिझेल जास्त लागे आणि आतला भाग लवकर झिजे. जाणता शेतकरी म्हणून तोटी आवळून पाणी कमी करी व बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरून अंदाज घेई. धार गार असेल तर इंजिन उपाशी आहे, चटका देत असेल तर तहानलेले. विजेचे पंप आले आणि ही हाताची परीक्षा विस्मरणात गेली.

मोटारीत त्या शेतकऱ्याच्या हाताचे काम थर्मोस्टॅट करतो. पितळी डबीत भरलेले खास मेण ८० अंशांच्या आसपास वितळून फुगते आणि झडप उघडते. तोपर्यंत शीतक द्रव रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतो, म्हणून इंजिन लवकर तापते. झडप उघडल्यानंतरही ती आवश्यक तेवढीच उघडते आणि तापमान ठरावीक पट्ट्यात राखते.

सोलापूरसारख्या उष्ण शहरांतील गॅरेजांतून या साध्या भागावर एक अन्याय होत आला आहे. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की 'थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या भागात त्याची गरज नाही' असा सल्ला मिळतो आणि तो मानला जातो. त्यामागील तर्क वरवर बिनतोड वाटतो. अडथळा काढला, पाणी मोकळे वाहिले, इंजिन थंड राहिले. प्रत्यक्षात अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन वाटा सांभाळतो. रेडिएटरची वाट उघडताना तो इंजिनातल्या आडवाटेला बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, तापलेल्या द्रवाचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि भर उन्हात घाटात गाडी पूर्वीपेक्षाही जास्त तापू शकते. इकडे जानेवारीत पुणे रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या गार वाऱ्याने इंजिन ५०-६० अंशांच्या वर जात नाही. संगणकीय नियंत्रण असलेल्या गाडीत याचा आणखी एक परिणाम होतो. इंजिन अद्याप थंडच आहे असे समजून नियंत्रक तापवणीच्या काळातील इंधनमात्रा तासन् तास चालू ठेवतो.

बिघडलेला थर्मोस्टॅट ओळखणे अवघड नाही. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच रेडिएटरची वरची नळी कोमट लागू लागली तर झडप उघडीच अडकली आहे असे समजावे; चांगल्या स्थितीत ती नळी बराच वेळ थंड राहते आणि मग एकाएकी तापते. शंका राहिल्यास थर्मोस्टॅट काढून भांड्यातील पाण्यात तापमापकासह तापवावा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडतो का ते पाहावे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग एका तासिकेत सहज होतो आणि विद्यार्थ्यांना विशिष्ट उष्णतेच्या प्रकरणापेक्षा तो अधिक लक्षात राहतो. नवा थर्मोस्टॅट इंजिनाच्या दुरुस्तीच्या तुलनेत नगण्य किमतीचा असतो, आणि गाडी गरम होण्याचे खरे कारण बहुधा क्षार साचलेला रेडिएटर हे असते. कूपनलिकेचे कठीण पाणी शीतक म्हणून ओतण्याची सवय त्याला जबाबदार आहे.

बीएस-६ नंतरची परिस्थिती

येथवरचा विचार इंजिनाच्या आरोग्याचा झाला. २०२० नंतर या प्रश्नाला दुसरी बाजू आली आहे. बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी बसविली गेली. गाळणी भरली की तीतील काजळी जाळून टाकावी लागते, त्यासाठी ५५० ते ६०० अंश तापमान लागते. उभ्या गाडीत डिझेलच्या निष्कास वायूचे तापमान सुमारे १०० ते १५० अंश असते. म्हणून नियंत्रक उशिराने जादा इंधन सोडून वायू तापवितो, आणि हे काम पूर्ण होण्यास इंजिन आधी तापलेले व गाडी दहा-वीस मिनिटे सलग चालती असावी लागते.

आता जुळे सोलापुरात राहणाऱ्या आणि सात रस्त्याजवळील महाविद्यालयात शिकविणाऱ्या एखाद्या काल्पनिक प्राध्यापकाचा दिनक्रम घेऊ. सकाळी तीन-चार किलोमीटर, दुपारी तेवढेच परत, मध्ये दोन सिग्नल आणि एक शाळेचा थांबा. इंजिन तापू लागते न लागते तोच प्रवास संपतो. काजळी मात्र थंड इंजिनातच अधिक निघते. जाळण्याचे काम दर वेळी अर्धवट सुटते, जादा सोडलेले इंधन सिलिंडराच्या भिंतीवरून तेलात उतरते आणि तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली आढळते. पातळी वाढली म्हणून समाधान मानणारे मालकही असतात. वस्तुतः ते तेल डिझेलने पातळ झालेले असते व तत्काळ बदलले पाहिजे. आठवड्यातून एकदा अक्कलकोट किंवा पंढरपूरपर्यंत सलग जाणाऱ्यास ही अडचण येत नाही. ज्याचा प्रवास शहराबाहेर जातच नाही त्याने डिझेल मोटार घेणे, इंधनाच्या दरातील फरक जमेस धरूनही, शहाणपणाचे ठरत नाही. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे थांबविले, त्यामागे बीएस-६ साठी लागणारा हा वाढीव खर्च होता.

फाटकाशी चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर कोणाच्या नाकात जातो हाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. २०१९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. येथील कणांचा दोष एकट्या मोटारींवर टाकता येणार नाही, रस्त्यांवरील धुळीचाही त्यात हिस्सा आहे. तथापि हिवाळ्याच्या पहाटे हवा जमिनीलगत कोंडून राहते, आणि नेमक्या त्याच वेळी थंड इंजिने गल्लीबोळांत घुमत असतात.

निष्कास शुद्ध करणारी उत्प्रेरके तापल्याशिवाय काम करीत नाहीत. शिवाय निष्कास वायूचा काही भाग परत सिलिंडरात फिरवून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्याची जी व्यवस्था असते, ती थंडीत चालविल्यास झडपेवर चिकट थर बसतो. म्हणून अनेक निर्मात्यांनी बाहेरचे तापमान एका पट्ट्यात असतानाच ती पूर्णपणे चालेल अशी योजना केली. युरोपात यावरून खटले झाले. अशा एका प्रकारच्या गाड्यांत ही व्यवस्था १५ ते ३३ अंशांच्या दरम्यानच पूर्ण क्षमतेने चालत होती. १४ जुलै २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने ही योजना बेकायदेशीर फसवी यंत्रणा ठरते असा निर्णय दिला. व्हिएन्ना किंवा बर्लिनच्या हवामानासाठी हा पट्टा अपुरा आहे असे न्यायालयास वाटले. सोलापुरात जानेवारीची पहाट १५ अंशांच्या खाली जाऊ शकते आणि मार्च ते मे या काळातील दुपार जवळजवळ रोज ३३ अंशांच्या वर असते.

भारतात नव्या मोटारीला मान्यता देताना प्रयोगशाळेत जी निष्कास चाचणी घेतली जाते, तीत 'थंड' इंजिन म्हणजे २० ते ३० अंशांच्या खोलीत काही तास उभे ठेवलेले इंजिन. सोलापूरच्या डिसेंबरमधील पहाट त्या व्याख्येच्या बाहेर राहते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीत उपकरणे बसवून निष्कास मोजण्याची अटही मानकात आली आहे.